सुरीची मूठ आणि सांबराचे शिंग

‘शिंगे मोडून वासरांत शिरणे’ हा वाक्प्रचार आपण सगळेच वापरतो. तो गाईबैलांवरून आला आहे हे उघड आहे. बैलाचे शिंग मुळातून मोडले की ते पुन्हा येत नाही, म्हणूनच त्या वाक्प्रचारात गंमत आहे. सांबराला मात्र तो लागू पडणार नाही. सांबराचा नर आपली दोन्ही शिंगे टाकून देतो आणि काही महिन्यांत नवी वाढवतो. जंगलात पडलेली अशी शिंगे माणूस फार पूर्वीपासून वेचत आला आहे. त्यांपासून त्याने ज्या वस्तू केल्या त्यांतली एक म्हणजे सुरीची मूठ.

मुठीसाठी शिंग कुठून आणायचे आणि ढिगातून नेमके कोणते उचलायचे, हे प्रश्न वरवर पाहता फक्त कारागिराचे वाटतात. पण त्यांचा माग काढत गेलो तर आपण प्राणिशास्त्र, पदार्थविज्ञान, पुरातत्त्व, व्यापार आणि शेवटी कायदा यांच्यापर्यंत पोचतो. या वाटेवर एक प्रश्न मात्र पुन्हा पुन्हा आडवा येतो: हे शिंग आपोआप गळलेले की प्राणी मारून काढलेले?

एक शब्द, दोन वस्तू

मराठीत आपण गाईच्या, काळविटाच्या आणि सांबराच्याही डोक्यावर ‘शिंग’च म्हणतो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने मात्र या दोन अगदी वेगळ्या वस्तू आहेत. गाय, म्हैस, गवा, शेळी, काळवीट, चिंकारा यांचे शिंग म्हणजे हाडाच्या खुंटावर चढवलेली एक खोळ. ही खोळ केराटिन या प्रथिनाची असते. आपली नखे आणि केस ज्याचे बनतात तेच हे द्रव्य. ही शिंगे जन्मभर टिकतात. आतले हाड काढून टाकले की खोळ पोकळ राहते, म्हणून म्हशीच्या शिंगाचे रणशिंग करून फुंकता येते.

सांबर, चितळ, भेकर, बारशिंगा या हरणांचे शिंग असे फुंकता येणार नाही, कारण ती खोळ नाही. ते चक्क हाड आहे, आणि तेही उघडे हाड. सांबरशिंग सहाणेवर उगाळून लेप लावण्याची पद्धत आपल्याकडील पुष्कळ घरांत होती. तेव्हा उगाळले जाई ते हाडच.

हे हाड वाढते कसे तेही पाहू. नराच्या कपाळावर दोन कायमचे खुंट असतात. त्यांच्या टोकावर शिंगाची वाढ सुरू होते. वाढत्या शिंगावर केसाळ कातडी असते, तिला मखमल म्हणतात. तिच्यातील रक्तवाहिन्या शिंगाला अन्न आणि क्षार पुरवतात. वाढ पूर्ण होत आली की टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण वाढते, शिंग कठीण होते, मखमल वाळते आणि नर ती झाडाझुडपांवर घासून काढतो. रक्तवाहिन्यांच्या खुणा पन्हळींच्या रूपाने शिंगावर राहतात. मुठीवर जी खडबडीत, हाताला पकड देणारी नक्षी दिसते ती हीच. माजाचा काळ संपला की संप्रेरकाचे प्रमाण उतरते. मग खुंट आणि शिंग यांच्या सांध्यातील हाड विशिष्ट पेशी विरघळवू लागतात आणि एके दिवशी शिंग गळून पडते. मध्य भारतात सांबराची शिंगे मुख्यतः उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात. मोहाची फुले वेचण्याचे दिवसही साधारण हेच. त्यामुळे फुले वेचायला गेलेल्या माणसाला शिंग सापडावे यात नवल नाही.

मुठीला हाडापेक्षा शिंग का?

हाडच हवे असेल तर खाटकाकडे ते हवे तितके मिळते. मग शिंगासाठी जंगल कशाला धुंडाळायचे? या प्रश्नाचे नेमके उत्तर मिळायला १९७९ साल उजाडावे लागले. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठातील जॉन करी या शास्त्रज्ञाने त्या वर्षी तीन हाडांची तुलना प्रसिद्ध केली. एक लाल हरणाचे शिंग, दुसरे गाईच्या मांडीचे हाड आणि तिसरे फिन व्हेल या देवमाशाच्या कानातील हाड. त्यांतील खनिजांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ५९, ६७ आणि ८६ टक्के भरले. उरलेला भाग मुख्यतः कोलॅजेन या चिवट प्रथिनाचा.

आता त्यांची ताकद पाहू. ताठरपणात शिंग सर्वांत मागे होते, गाईच्या हाडाच्या साधारण निम्म्यावर. पण तोडण्यासाठी लागणारी ऊर्जा मोजली तेव्हा चित्र उलटे झाले. शिंग तोडायला गाईच्या हाडाच्या साडेतीन पटींहून अधिक आणि देवमाशाच्या कानातील हाडाच्या सुमारे तीस पट ऊर्जा लागली. याचे कारण त्यांच्या कामात आहे. कानातील हाडाला ध्वनिकंपने झेलायची असतात, तिथे ताठरपणा हवा. मांडीच्या हाडाला शरीराचे ओझे पेलायचे असते. शिंगाला दुसऱ्या नराच्या शिंगावर आदळायचे असते. तिथे थोडे वाकून धक्का पचवणारे द्रव्यच टिकते.

सुरीच्या मुठीवरही असेच धक्के येतात. सुरी पडते, आपटते, फळीवर ठोकली जाते. मूठ धातूच्या पात्याला घट्ट धरून ठेवते, आणि पात्याचे जे शेपूट मुठीत शिरते त्याच्याभोवती तडा जाण्याची भीती सर्वांत जास्त असते. म्हणजे दोन नरांच्या टकरीसाठी घडलेले द्रव्य मुठीला नेमके उपयोगी पडते.

दगडाच्या कुऱ्हाडीपासून

ऊर्जा मोजण्याची यंत्रे येण्याआधी हजारो वर्षे माणसाला हा गुण अनुभवाने कळलेला होता. १८५३-५४ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील झुरिक सरोवराचे पाणी खूप खाली गेले आणि काठच्या गाळात नवाश्मयुगीन वस्तीचे अवशेष उघडे पडले. फर्डिनांड केलर या अभ्यासकाने त्यांचे महत्त्व ओळखले. अशा सरोवरकाठच्या वस्त्यांत दगडी कुऱ्हाडी सापडल्या त्या मोठ्या विचाराने बसवलेल्या होत्या. दगडाचे पाते थेट लाकडी दांड्यात न ठोकता आधी शिंगाच्या तुकड्यात बसवलेले आणि तो तुकडा दांड्यात. घाव बसला की धक्का शिंगात जिरे आणि दांडा चिरण्यापासून वाचे. आजच्या मुठीची ही पूर्वज म्हणायला हरकत नाही. आपल्याकडे गंगेच्या खोऱ्यात, उत्तर प्रदेशातील महादहा येथील मध्याश्मयुगीन वस्तीतही हाडाच्या आणि शिंगाच्या वस्तू मिळाल्या आहेत.

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात ग्राइम्स ग्रेव्हज नावाच्या सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या गारगोटीच्या खाणी आहेत. तिथले खाणकामगार लाल हरणाच्या शिंगाचा कुदळीसारखा उपयोग करीत. प्राणिअवशेषांच्या अभ्यासक ज्युलिएट क्लटन-ब्रॉक यांनी या कुदळींची तपासणी करून असे दाखवले, की त्यांतील बहुतेक शिंगे गळलेली होती. म्हणजे खाणीसाठी हरणांची कत्तल झाली नव्हती. लोक ठरावीक हंगामात जंगलातून शिंगे गोळा करून आणत होते.

इतक्या वर्षांनी हे कळले कसे? उत्तर शिंगाच्या बुडाशी असते. बुडापाशी शिंगाभोवती एक कंगोरेदार कडे असते. गळलेल्या शिंगात या कड्याखालचा पृष्ठभाग किंचित फुगीर आणि रवाळ दिसतो, कारण तिथे सांधा पेशींनी विरघळवलेला असतो. मारलेल्या प्राण्याच्या शिंगाला कवटीचा तुकडा किंवा कपाळाचा खुंट चिकटलेला असतो, नाहीतर करवतीची किंवा कुऱ्हाडीची खूण असते. हाच पुरावा वापरून संशोधकांनी मध्ययुगीन उत्तर युरोपातील नगरांचाही अभ्यास केला. त्या काळी तिथे शिंगाच्या फण्या करण्याचा मोठा धंदा होता. कारागिरांनी फेकलेली बुडे तपासली तेव्हा तीही बरीचशी गळलेल्या शिंगांची निघाली.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवू. हा पुरावा तयार फण्यांत मिळाला नाही. तो मिळाला उकिरड्यात, कापून टाकलेल्या बुडांत.

शेफील्डचा बाजार

इंग्लंडमधील शेफील्ड हे गाव सुऱ्यांसाठी जुन्या काळापासून नावाजलेले आहे. चौदाव्या शतकातील चॉसर या इंग्रज कवीच्या एका कथेतही शेफील्डच्या सुरीचा उल्लेख येतो. १६२४ साली तिथल्या सुरी-कात्री कारागिरांचा संघ कायद्याने स्थापन झाला. जवळच्या डोंगरांतून उतरणाऱ्या लहान नद्यांच्या पाण्यावर धार लावण्याचे दगड फिरत. अठराव्या शतकात बेंजामिन हंट्समन याने मुशीत पोलाद वितळवण्याची पद्धत आणली आणि पात्यांचा दर्जा उंचावला. एकोणिसाव्या शतकात हा माल जगभर जाऊ लागला.

पाती पोलादाची, पण मुठी? त्यांसाठी हस्तिदंत, शिंपला, म्हशीचे शिंग, गुरांचे हाड आणि हरणाचे शिंग असे सारे जिन्नस लागत. इंग्लंड-स्कॉटलंडमधील हरणे या मागणीला पुरी पडणे शक्य नव्हते. साम्राज्याच्या जहाजांमुळे दुसरी वाट सापडली आणि भारतातून सांबराची शिंगे शेफील्डला जाऊ लागली. जर्मनीतील झोलिंगेन हे सुऱ्यांचे दुसरे मोठे केंद्र. तेही शिंगाचे गिऱ्हाईक होते.

सांबराचे शिंग तिथे इतके पसंत पडले याला कारण आहे. शिंग आडवे कापले तर बाहेर घट्ट हाडाची भिंत आणि आत स्पंजासारखा गाभा दिसतो. वापिटी या अमेरिकन हरणाचे शिंग लांबलचक असते, पण त्याचा गाभा रुंद आणि सच्छिद्र असतो. चितळाचे शिंग बारीक आणि तुलनेने गुळगुळीत असते. सांबराच्या शिंगाची भिंत जाड, गाभा लहान आणि पन्हळी खोल. त्यावर हात घसरत नाही. वरचा थर घासून काढला तरी खाली घट्ट हाडच लागते.

ढिगातून निवड

आता कारागीर शिंग कसे निवडतो ते पाहू. पहिली कसोटी वजनाची. सारख्या आकाराच्या दोन तुकड्यांपैकी जड तो घट्ट. दुसरी कसोटी ताजेपणाची. शिंग जंगलात उन्हापावसात फार काळ पडले तर पांढरे पडते, खडूसारखे भुसभुशीत होते आणि त्याला लांबीच्या दिशेने भेगा जातात. साळिंदरांनी कुरतडलेले शिंगही पुष्कळदा मिळते. ते कॅल्शियम आणि फॉस्फरस यांसाठी शिंगे चावतात. हरणेसुद्धा कधी कधी शिंगे चघळताना दिसतात. म्हणजे जंगलात पडलेले शिंग हा निव्वळ कचरा नसतो.

तिसरी कसोटी रंगाची. चांगल्या शिंगाचा तपकिरी रंग काही अंशी मखमल घासताना लागलेल्या झाडांच्या रसाचा असतो. हा रंग फक्त पृष्ठभागावर असतो. फार घासले की तो जातो आणि पांढरे हाड दिसू लागते. म्हणून कारागीर पन्हळींच्या खोलगटात रंग राहील इतपतच घासतो. चौथी कसोटी आकाराची. घडीच्या चाकूला दोन्ही बाजूंनी चपट्या पट्ट्या लागतात. त्या शक्यतो एकाच शिंगातून, एकसारख्या नक्षीच्या काढतात. मांस कापण्याच्या मोठ्या सुरीला किंचित वाकलेला गोल तुकडा हवा. त्यात भोक पाडून पात्याचे शेपूट बसवायचे आणि राळ, मेण व विटेची पूड यांचे गरम मिश्रण ओतून पक्के करायचे, अशी जुनी रीत होती. आता त्या जागी कृत्रिम डिंक आले आहेत. फाट्यांची टोके जवळजवळ भरीव असतात, ती लहान सुऱ्यांना चालतात. ताजे शिंग मात्र आधी काही महिने वाळवावे लागते, नाहीतर ते मागाहून आकसते आणि मूठ सैल होते. आणखी एक खबरदारी म्हणजे नाकाला फडके. शिंग घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना घातक असते.

या साऱ्या निवडीत शिंगाच्या बुडाचे काय होते? बहुतेक मुठींसाठी ते कापून टाकले जाते. काही सुऱ्यांत कंगोरेदार कडे मुठीच्या टोकाला शोभेसाठी ठेवतात, पण त्याचा तळ घासून चकचकीत करतात. दोन्ही प्रकारांत शिंग गळलेले होते की मारून काढलेले, हे सांगणारा पुरावाच नाहीसा होतो.

बंदी कशासाठी?

विसाव्या शतकात अमेरिकेत हाताने घडवलेल्या सुऱ्यांची आवड वाढली. मिशिगन राज्यातील विल्यम स्कॅगेल हा कारागीर चामड्याच्या चकत्या आणि शिंग यांच्या मुठींसाठी प्रसिद्ध होता. त्याची सुरी पाहून फ्लोरिडातील रँडल यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्वतः सुऱ्या करायला सुरुवात केली. १९७० मध्ये अशा कारागिरांचा संघही निघाला. त्यांच्यातही भारतीय सांबरशिंगाला मान होता.

दरम्यान भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला. शिकारीवर बंदी आली, तरी गळलेल्या शिंगांचा व्यापार काही अटींवर पुढे चालू राहिला. विचार साधा होता: जे प्राण्याने स्वतः टाकले ते उचलण्यात कुणाचे नुकसान? तरीही १९९० च्या दशकाच्या अखेरीस शिंगांची निर्यात बंद झाली. आज जंगलात सापडलेले शिंग घरी नेणे किंवा विकणे हाही गुन्हा ठरू शकतो.

ही बंदी पुष्कळांना अन्यायाची वाटते आणि त्यात काही तथ्य आहे. रानात राहणाऱ्या माणसाला वर्षातून चार शिंगे सापडत, त्यांचे चार पैसे मिळत, आणि त्यासाठी एकही सांबर मरत नसे. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. गळलेले शिंग मिळण्यासाठी हंगामाची वाट पाहावी लागते, मैलोन्‌मैल फिरावे लागते आणि सापडेल ते जुने, कुरतडलेले घ्यावे लागते. कारागिराला तर हवे ताजे, जड, तपकिरी. म्हणजे गिऱ्हाइकाच्या सर्व कसोट्यांना उतरणारे शिंग सर्वांत खात्रीने कुठे मिळेल, तर जिवंत नराच्या डोक्यावर. असे शिंग तुकडे होऊन पोत्यात भरले की तपासनाक्यावरील अधिकाऱ्याने त्यातले गळलेले कोणते आणि शिकारीचे कोणते, हे कसे ओळखायचे? बुडे तर केव्हाच कापून टाकलेली असतात. पुरातत्त्वज्ञाला उकिरडा तरी मिळतो. अधिकाऱ्याला तोही मिळत नाही. सांबराची स्थितीही चिंतेची आहे. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेने २००८ पासून त्याची नोंद ‘असुरक्षित’ या वर्गात केली आहे.

याला दुसरा मार्ग नाही का? अमेरिकेतील वायोमिंग राज्यात जॅक्सन गावाजवळ वापिटींसाठी राखलेले एक अभयारण्य आहे. हिवाळा तिथे काढून वापिटी निघून गेले की बालवीर पथके गळलेली शिंगे गोळा करतात आणि दर मे महिन्यात त्यांचा जाहीर लिलाव होतो. १९६० च्या दशकापासून ही प्रथा चालू आहे, आणि उत्पन्नाचा मोठा वाटा अभयारण्याच्याच कामी येतो. येथे शिंग जमिनीवरून उचलल्यापासून विकेपर्यंत कुणाच्या तरी नजरेखाली असते. त्याच राज्यात अनेक सार्वजनिक जमिनींवर जानेवारीपासून एप्रिलअखेरपर्यंत शिंगे वेचायला मनाई आहे, कारण उपासमारीच्या दिवसांत माणसांनी प्राण्यांना हुसकावले तर ते दगावतात. म्हणजे नुसते वेचणेही नेहमीच निरुपद्रवी नसते. अशी देखरेख एका कुंपणाच्या आवारात जमते. ती शेकडो जंगलांतून, हजारो वेचणाऱ्यांच्या हातून जमवायची तर काय लागेल, याचा विचार करण्यासारखा आहे.

बंदीनंतर परदेशात जुन्या साठ्यातील सांबरशिंगाचे भाव चढले. कारागीर युरोपातील लाल हरणाच्या शिंगाकडे, वापिटीकडे, तसेच खाचा पाडून रंगवलेल्या गुरांच्या हाडाकडे वळले. शिंगासारखे दिसणारे असे हाड शेफील्डमध्येही पूर्वीपासून वापरात होते. आपल्याकडे उत्तर प्रदेशातील संभल गावचे कारागीर म्हशीचे शिंग आणि हाड यांवर काम करतात.

वर्गात करून पाहण्यासारखे

शिंग न मिळवताही त्यामागचे विज्ञान वर्गात दाखवता येईल. कोंबडीची दोन स्वच्छ, वाळलेली हाडे घ्या. एक हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. दुसरे शिक्षकांनी उघड्यावर, निखाऱ्यांत चांगले भाजावे. पहिल्यातील खनिज विरघळते आणि ते रबरासारखे वाकते. दुसऱ्यातील प्रथिन जळते आणि ते बोटांनी चुरता येते. मग करी यांचे तीन आकडे फळ्यावर लिहून मुलांना विचारा: मुठीला यांपैकी कोणते हाड घ्याल, आणि का?

त्यानंतर आणखी एक प्रश्न विचारता येईल. समोर एक सुंदर मूठ आहे. ती ज्या शिंगाची केली ते गळलेले होते, असे विकणारा सांगतो. त्याचे म्हणणे खरे मानण्यासाठी तुम्ही त्याच्याकडे काय मागाल? मुलांनी ‘शिंगाचे बूड’ असे उत्तर दिले तर त्यांना विचारा, की एका बुडाबरोबर किती मुठी विकता येतील.